काकडीचा ठोकळा

"काकडी कोणी चिरली?"

आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टरनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा पारावर बसलेल्या साठ माणसांना आपापल्या पायाच्या अंगठ्यात एकदम काहीतरी बघण्यासारखं सापडलं.

कोंडाजीनं येसाजीकडं पाहिलं. दोघांनी गुरं एकत्र राखली होती, विडीही एकच ओढली होती.

बोर्लीपासून दोन कोसांवरच्या या गावात तेवीस वर्षं राखणीच्या कोंबड्या कोंडाजीच रांधत होता. वर्षातून एकदा शिवेवरच्या देवाला मान द्यायचा, तिथंच शिजवायचं, तिथंच जेवायचं. एरवी कोंडाजीला कुणी विचारत नसे. पण त्या दिवशी खोती गेलेला खोतसुद्धा त्याच्या हातातल्या रश्शाच्या डावाकडं आशेनं बघे.

यंदा मात्र पहिल्या पंगतीतले अकरा जण तीन दिवस लोटा घेऊन धावत होते. त्यात चौलचे गुरुजीही होते. गुरुजी माळकरी, त्यांनी भात, मीठ आणि काकडी एवढंच खाल्लेलं. तेव्हा गावानं कोंबडीला निर्दोष सोडलं आणि देव कोपला असं ठरवलं. देवाची बाजू मांडायला कुणी नव्हतं.

इन्स्पेक्टर देवावर खापर फोडायला तयार नव्हता. "कोंबडी उकळली, तिच्यातले जंतू मेले. दुसऱ्या पंगतीनं तीच खाल्ली, ती ठणठणीत आहे. काकडी पहिल्या पंगतीतच संपली. म्हणजे कच्ची कोंबडी तोडली त्याच ठोकळ्यावर, न धुता, कुणीतरी काकडी चिरली."

कोंडाजीला आपलेच शब्द आठवले. "येसू, ठोकळा आधी राखेनं घास. कढत पाणी वत. मग चिर."

"गड्या, काकडी काय सोवळ्यात हाय व्हय?" येसाजी हसला होता आणि कोयता चालवला होता.

आता तो हसत नव्हता. पंचायतीची निवडणूक आठ दिवसांवर आली होती, आणि उमेदवाराचे हात स्वच्छ लागतात.

"आता कसं हाय सायेब," येसाजी म्हणाला, "रांधणारा एकच. कोंडाजीदादा."

जन्मात तो त्याला दादा म्हणाला नव्हता.

"येसू, माझ्या तोंडाकडं बघून बोल की! मी न्हाय चिरली, सायेब. ह्या साऱ्यांनी बघितलंय. सदू, काकडीची टोपली तुझ्याच हातात व्हती. बोल!"

सदूनं दुसऱ्या पायाचा अंगठा बघायला घेतला.

इन्स्पेक्टरनं कोंडाजीचं नाव लिहिलं आणि समजुतीनं सांगितलं, "ठोकळा धुवायला शिका, बाबा."

येसाजी निवडून आला. पुढच्या राखणीला डावही त्याच्याच हाती आला; गावाच्या पोटाची काळजी सरपंचानं नाही वाहायची तर कुणी?

त्या दिवशी कोंडाजी फणसाच्या लाकडाचा नवा ठोकळा खांद्यावर घेऊन आला. चुलीजवळ ठेवला. "ह्यो निस्ता काकडीचा," एवढंच म्हणाला आणि शेवटच्या पंगतीच्या टोकाला जाऊन बसला.

येसाजी काकडी वाढत वाढत त्याच्यापाशी आला, वाकला. कोंडाजीनं फक्त येसाजीच्या हातांकडं पाहिलं.

येसाजीनं परात खाली ठेवली. घागरीपाशी गेला, राखेनं हात घासले, कोपरापर्यंत धुतले. अख्खी पंगत घास हातात धरून बघत होती.

ओले हात घेऊन तो परतला, तेव्हा कोंडाजीनं पत्रावळीवर आपला हात आडवा धरला होता.