शाफ्टची खाच

खुलताबादच्या डोंगराखालच्या वाडीवर वाळूजच्या कारखान्यांची शिफ्टची बस येत नव्हती. म्हणून कामावर जायला सत्यशीलाच्या सायकलला फवारणी पंपाचं जुनं इंजिन बसवलं होतं. बसवलं तिनंच; नवरा बिभीषण बाजेवर बसून नुसतं सांगत होता. गेल्या उन्हाळ्यात वाळूजच्या वर्कशॉपमध्ये पत्रा दाबायच्या पॉवर प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. त्याच वर्कशॉपनं नंतर सत्यशीलाला पॅकिंगला घेतलं.

इंजिनाची चेन मधल्या शाफ्टवर, म्हणजे लोखंडी दांड्यावर यायची आणि त्यावरच्या स्प्रॉकेटवरून, दात्यांच्या चकतीवरून, दुसरी चेन मागच्या चाकाकडं जायची. शाफ्ट गोल, गुळगुळीत. स्प्रॉकेट त्यावर एकाच स्क्रूनं आवळलेला. चढाला तो घसरायचा. एका सकाळी तो पार कडेला सरकला, चेन उतरून चाकात अडकली आणि चाक जाम झालं. सत्यशीला सायकल ढकलत परत आली तेव्हा तिच्या गुडघ्यातून रक्त वाहत होतं.

"नीट आवळला नव्हता का गं?"

"तुमी सांगितलं तेवढाच आवळला."

बिभीषणनं डाव्या हातानं शाफ्ट चाचपला. स्क्रूनं त्यावर ओरखडे काढले होते. "नुसतं आवळून भागायचं नाय. शाफ्टला खाच पाडावी लागंल. तिच्यात चावी बसवायची, लोखंडाची बारीक पट्टी. निम्मी शाफ्टात, निम्मी स्प्रॉकेटात. मंग घसरायचं नाव नाय."

"मी पाडते कानसीनं."

"ते मशीनचंच काम हाय."

मशीन वर्कशॉपमध्ये होतं. अपघातानंतर त्यानं तिथं पाऊल टाकलं नव्हतं. शाफ्ट आणि स्प्रॉकेट फडक्यात गुंडाळून तो कांद्याच्या टेम्पोनं वाळूजला गेला.

फोरमन विश्वजीतनं त्याला बसायला स्टूल दिलं. अपघाताच्या दिवशी बिभीषणला दवाखान्यात नेणारा तोच होता. त्यानं काही न विचारता शाफ्ट आणि स्प्रॉकेट दोन्हींत खाच पाडली, मापाची चावी घासून दिली. बिभीषण मात्र कोपऱ्यातल्या त्याच प्रेसकडं बघत होता.

"हात अडवायची जाळी नाय बसवली अजून?"

"मालक म्हणतो, जाळी लावली की माल कमी निघतो." विश्वजीत खाली बघत म्हणाला, "उद्यापासून वहिनी बसणार हैत त्याच्यावर. त्याच्यावरचा माणूस काम सोडून गेला. बोलल्या नाहीत का त्या?"

घरी आल्यावर बिभीषणनं शाफ्ट आणि स्प्रॉकेट तिच्यापुढं ठेवले. चावी मुठीत धरून ठेवली.

"मला सांगितलं का नाय?"

"सांगून काय केलं असतं? तुमी झोपला नसता."

"तू जायचं नाय."

"मंग जाणार कोन?" ती हळू बोलली, पण तो जागीच खचला. तिला असं बोलायचं नव्हतं. तिनं मान फिरवली.

बऱ्याच वेळानं त्यानं मूठ उघडली. तिनं चावी खाचेत ठेवली, स्प्रॉकेट वर सरकवला आणि त्याच्या सांगण्यानुसार स्क्रू बरोबर चावीच्या डोक्यावर आवळला.

"चिमट्यानं माल ठेव आत. हात घालू नको," तो म्हणाला.

"व्हय."

सकाळी ती गेली. दुपार व्हायच्या आतच सायकलचा आवाज परत आला. बिभीषण धावतच बाहेर आला आणि आधी तिचे हात बघू लागला.

"धड हैत," ती म्हणाली. "चिमटा घेतला तर मालक खेकसला, असं काम लई हळू व्हतं म्हणून. मी म्हणलं, जाळी लावा, मंग बसते. त्यानं फाटकाबाहेर काढलं."

"पॅकिंगला तरी?"

"ते बी नाय."

तो ओट्यावर टेकला. तिची बोटं त्यानं डाव्या हातात धरली आणि रडू लागला. ती त्याच्याशेजारी बसली, पण तिला रडू आलं नाही. घरात काय काय संपलंय याचा हिशेब तिच्या डोक्यात चालू झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला मागं बसवून ती वाळूजला निघाली. फाटकाफाटकावर दोघांनी काम विचारलं. संध्याकाळपर्यंत कुणीच हो म्हणालं नाही.