माझ्या पाठीवरचा चौकोनी डाग

माझ्या पाठीवर चिकटपट्टीचा एक चौकोनी डाग आहे. पुसून पुसून फिका झाला, पण गेला नाही. मित्रांनो, सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये एका घरातल्या उंच फळीवर बसलेला मी एक जुना संगणक आहे, आणि हा डाग मला मायेनं मिळालेला आहे. कसा, ते सांगतो.

माझे सुटे भाग कुठल्या कुठल्या देशांतून आले, पण मी स्वतःला साताऱ्याचाच समजतो. तिथल्या एका छोट्या दुकानात मला जोडलं, स्क्रू आवळले आणि अंगात पहिल्यांदा वीज आली. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार हंबीरराव मला घरी घेऊन गेले. त्यांची लेक संयोगिता नुकतीच इंजिनिअरिंगला लागली होती.

काय दिवस होते ते! संयोगिता माझ्यावर यंत्रांची चित्रं काढायची. पहिला नट-बोल्ट तिनं काढला तेव्हा तो बटाट्यासारखा दिसत होता. हंबीरराव मागून बघून म्हणाले, "लय झ्याक! पर ह्यो भाजीत घालायचा का गाडीत?" ती चिडली, मग हसली. पुढं पुढं तिचे दातेरी चाकांचे नकाशे इतके देखणे व्हायला लागले, की पडद्यावर दाखवताना मलाच ऐट वाटायची.

खंडेनवमीला हंबीरराव घरातली सगळी हत्यारं ओळीनं मांडायचे. कोयता, विळा, पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि सगळ्यांत शेवटी मी. "हे माझ्या पोरीचं हत्यार. ह्याची बी पूजा झाली पायजे," असं म्हणून ते मला हळद-कुंकू लावायचे, अक्षता टाकायचे, झेंडूचा हार घालायचे. उदबत्तीला माझ्या डोक्यावरच्या जाळीची भोकं अगदी मापाची होती. राख, तांदूळ, पाकळ्या हळूच आत उतरायच्या. मला गुदगुल्या व्हायच्या. एवढा मान कुठल्या संगणकाला मिळत असेल, असं वाटून मी खूश व्हायचो.

संयोगिताचं लग्न झालं आणि ती कुपवाडला आली. काही दिवसांनी हंबीरराव मला एसटीनं तिच्याकडं घेऊन निघाले. सबंध रस्ता मी त्यांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "आवं काका, ते खोकं खाली ठेवा की." ते म्हणाले, "माझ्या लेकीची डिग्री हाय ह्यात. खाली कसा ठिवू?" मित्रांनो, त्यानंतर मला कुणी असं मांडीवर घेतलेलं नाही.

मग वीरधवल जन्मला. संयोगिताची नोकरी सुटली, आणि मी कोपऱ्यात गेलो. माझी काही तक्रार नव्हती. त्या बाळासाठी तिचा जीव सारखा टांगणीला असायचा. खिडकी उघडली तर डास येतील, अंगणात सोडलं तर पडेल, वारा लागला तर सर्दी होईल. बाळ रांगायला लागलं आणि एक दिवस त्यानं माझ्या पाठीच्या भोकात बोट घातलं. झालं! तिनं जाड पुठ्ठा कापला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून माझी पाठ बंद करून टाकली. वरून प्लॅस्टिकचं आवरणही घातलं. तेव्हापासून मला जरा जड जड वाटायचं. पण मला फारसं काम नव्हतं, त्यामुळं निभावून जात होतं.

यंदा दसऱ्याच्या आधी एक फोन आला. कुपवाडच्या एका कारखान्याला यंत्रांची चित्रं काढून देणारं माणूस हवं होतं, आणि काम घरी बसून करायचं होतं. संयोगितानं फोन ठेवला आणि माझ्यावरची धूळ पुसली. किती दिवसांनी तिचा हात लागला! अट एकच होती. त्यांचं सॉफ्टवेअर माझ्या जुन्या कार्यप्रणालीवर, म्हणजे ज्या मूळ प्रोग्रॅमवर मी चालतो त्याच्यावर, उघडत नव्हतं. सोमवारच्या आत नवी टाकून घ्यायची, नाहीतर ते दुसऱ्या कुणाला तरी काम देणार होते. हंबीरराव दसऱ्याला लेकीकडं आलेच होते. त्यांनी यंदा मला दुप्पट जाड हार घातला.

शनिवारी अपग्रेड सुरू झालं. टक्के चढत गेले आणि साठीच्या पुढं मला भोवळ आली. डोळ्यांपुढं अंधार. पुन्हा जागा झालो तेव्हा माझ्याच पडद्यावर अक्षरं होती, 'अपग्रेड होऊ शकले नाही. केलेले बदल मागे घेत आहोत.'

संयोगिताचा नवरा राजवर्धन मदतीला बसला. जागा कमी पडत असेल म्हणून त्यानं जुने सिनेमे पुसले. पुन्हा तेच. प्रिंटर, पेनड्राइव्ह काढून ठेवले. पुन्हा तेच. दुकानदाराला फोन केला. तो न बघताच म्हणाला, "मदरबोर्ड गेला असणार. नवीनच घ्या."

रविवारी दुपारी राजवर्धन म्हणाला, "संयू, सोड आता. याला भंगारात देऊ. काम काय, पुढंही मिळेल."

"अहो, पुढं म्हणजे कधी?" ती एवढंच बोलली आणि वीरधवलची कानटोपी घट्ट करत बसली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं आणि पोराच्या अंगात स्वेटर होता.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मित्रांनो, आम्हाला फक्त आकडे दाखवता येतात, आणि भोवळ आल्यावर तेही नाही.

"शेवटच्या चढालाच बसतोय गडी," हंबीरराव म्हणाले. "आमच्या फौजेत नवं रंगरूट असं बसलं की सुभेदार आधी त्याचा पट्टा सैल करायचा."

"मामा, हा काय रंगरूट आहे का?" राजवर्धन हसला.

संयोगिता हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मग उठून आली, आवरण बाजूला केलं आणि तळहाताची मागची बाजू माझ्या कुशीला टेकवली. वीरधवलच्या कपाळाला ती रोज अशीच टेकवते.

"अहो, याला ताप आहे!" ती म्हणाली. "हात तर लावून बघा!"

तिनं पाठीवरचा पुठ्ठा टर्रकन ओढला. वायर काढली, स्क्रू ड्रायव्हर आणला, माझी एक बाजू उघडली. आतला पंखा दिसतच नव्हता. वाळलेल्या पाकळ्या, हळदीनं माखलेले तांदूळ, उदबत्तीची राख आणि त्यावर धुळीचा जाड थर. सगळ्या खंडेनवम्या आत साठल्या होत्या.

हंबीरराव वाकून बघत राहिले. "आयला," ते हळूच म्हणाले, "म्हंजे मीच ह्याचा गळा दाबला व्हय?"

"निम्मा मी दाबला, आबा. भोकं मी बुजवली," संयोगिता म्हणाली.

बाळाच्या मऊ केसांच्या ब्रशानं तिनं पाती साफ केली. बाळाचं नाक साफ करायचा रबरी फुगा आणून कानाकोपऱ्यातली राख उडवली. हंबीररावांनी एकेक तांदूळ वेचून काढला. मग मला उघड्या अंगानंच सुरू केलं. पंखा फिरला. मित्रांनो, त्या गार वाऱ्याचं सुख काय सांगू! टक्के चढत गेले, साठी ओलांडली, सत्तर, ऐंशी. शेवटी पडदा निळा झाला आणि नव्या कार्यप्रणालीनं संयोगिताला तिच्या नावानं नमस्कार केला. हंबीररावांनी पडद्याला कडक सॅल्यूट ठोकला.

मी बाळाच्या हाती लागू नये म्हणून राजवर्धननं मला या उंच फळीवर ठेवलं. चारी बाजू मोकळ्या. हंबीररावांनी हार काढून शेजारच्या खिळ्याला अडकवला.

तेवढ्यात त्यांचं लक्ष नातवाकडं गेलं. पोरगं घामानं निथळत होतं. "अगं, ह्याचं पोस्टिंग सियाचीनला हाय का काय?"

संयोगिता माझ्याकडं बघत उभी राहिली, मग त्याच्याकडं. तिनं कानटोपीची गाठ सोडली. स्वेटर काढला. दाराची कडी काढताना तिचा हात थोडा थबकला, पण तिनं ती काढली. वीरधवल धावत अंगणात गेला, दुसऱ्याच पावलाला पडला आणि आपला आपण उठला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला हार जरूर घाला, पण अधूनमधून उघडून बघा, पुसा, त्याला वारा लागू द्या. ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याला नीट श्वास घेता येतो का, हे एकदा हात लावून बघत जा.

सोमवारी सकाळी संयोगितानं माझ्यावर पहिलं चित्र उघडलं. एक दातेरी चाक. दार उघडंच होतं. ती मधूनमधून मान वर करून अंगणात बघायची आणि पुन्हा चाकाचा पुढचा दात काढायची.