स्पंजाची बाटली आणि माझे दोन तुकडे

मंगळवार, ११ नोव्हेंबर. सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. मिरजगावजवळच्या आमच्या दूध केंद्राचे सहा कॅन टेम्पोतून परत आले. डेअरीने दूध नाकारले होते; पास झाले की टेम्पो रिकामे कॅन घेऊन दुपारीच परततो. कागदावर कारण एका ओळीत होते : जंतूंचे प्रमाण जास्त. महिन्यात दुसऱ्यांदा.

मित्रांनो, ते कॅन मी घासले होते. मी एक जुना ब्रश आहे. नागापूरच्या एका छोट्या कारखान्यात इब्राहिमचाचांनी लाकडी पट्टीला भोके पाडून नायलॉनचे झुपके बसवले. प्रत्येक झुपका ओढून पाहिला, एकही निघाला नाही. मग पाच वर्षे मी मरियाबाईंच्या हातात राहिलो. त्या मला कधी उघड्यावर टाकत नसत. काम झाले की सोड्याच्या पाण्याच्या बादलीत ठेवत. ओला ब्रश मऊ राहतो, झिजत नाही, असे त्यांचे म्हणणे. दसऱ्याला मला झेंडूचा हार घातला आणि पुन्हा बादलीत ठेवले.

त्या सकाळी केंद्राचे सचिव वाल्मिकभाऊ म्हणाले, "मरियाबाय, ब्रशाला हार घातला, पन दूध काय पास झालं न्हाई."

"भाऊ, कॅन हुंगून बघा. वास आला तर बोला."

"मला येऊन काय उपेग? डेअरीच्या मशीनला येतो. तिसऱ्यांदा परत आलं तर केंद्र बंद. मग तुमी बी घरी अन् मी बी."

रविवारी मरियाबाईंची मुलगी प्रार्थना शहरातून केंद्रावर आली. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकते. तिने रुमालात गुंडाळलेली बोटभर बाटली काढली आणि वाल्मिकभाऊंना केंद्रातल्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवायला दिली. मी बादलीतून पाहत होतो.

ती म्हणाली, "आई, जंतू एकेकटे राहत नाहीत. भांड्याला चिकटून बुळबुळीत थर करतात. त्या थराखाली सोडा पोचत नाही. समुद्रातला स्पंज हा जीव जन्मभर एका खडकावर बसून असतो, तरी त्याच्या अंगावर असा थर सहसा धरत नाही. त्याच्या अंगातलं द्रव्य या बाटलीत आहे. ते जंतूंना चिकटू देत नाही."

"म्हंजी घासायला नको?"

"तसं नाही. आणि दुधाच्या कॅनला तर हे लावायचंच नाही. आत्ता फक्त भंगार कॅनच्या तुकड्यांवर तपासतोय."

मला राग आला, हे लपवत नाही. पाच वर्षांत मी एक दिवस बसलो नव्हतो. जो जन्मभर बसून राहिला, त्याच्या रसाला फ्रिज आणि रुमाल! बाटली पडावी, फुटावी, असे मला वाटले.

प्रार्थनाने तपासणीसाठी घासण्याआधी आणि घासल्यावर कापसाचे बोळे कॅनमध्ये, झाकणांवर फिरवले. एक बोळा माझ्या केसांच्या मुळाशीही फिरवला. मला तो मान वाटला. मग बोळे आणि ती बाटली घेऊन ती शहरात परतली.

शुक्रवारी, २१ तारखेला तिचा फोन आला. मरियाबाईंनी स्पीकर लावला. घासण्याआधी कॅनमध्ये जंतू कमी होते, घासल्यावर जास्त. सर्वांत जाड थर माझ्या मुळांशी होता. तिथून तो मीच कॅनाकॅनात नेत होतो.

मरियाबाई हळूच म्हणाल्या, "मीच त्याला बादलीत ठिवला. झिजू नये म्हनून."

"चोर घरातलाच निघाला की! टाका चुलीत," वाल्मिकभाऊ म्हणाले.

"थांबा," फोनमधून प्रार्थना म्हणाली. "मला हवाय तो."

दुसऱ्या दिवशी केंद्रात नवा ब्रश आला. तो काम झाले की तारेवर उलटा, उन्हात टांगलेला असतो. मला शहरात प्रार्थनाच्या प्रयोगशाळेत नेऊन करवतीने मधोमध कापले. एक तुकडा साध्या पाण्यात, दुसरा त्या बाटलीतले द्रव्य मिसळलेल्या पाण्यात ठेवला. ज्याचा हेवा केला, त्याच्यातच माझा अर्धा भाग बुडाला आहे. आता उरलेल्या अर्ध्याला त्या अर्ध्याचा हेवा वाटतो.

मित्रांनो, ज्याच्यावर माया कराल, त्याला ओले ठेवू नका. ऊन दाखवा.

सोमवार, १ डिसेंबर. सकाळी साडेदहा. माझ्या दोन्ही तुकड्यांची मोजणी दुपारी आहे. प्रार्थनाने गावी फोन लावला.

"आई, टेम्पो?"

"सातला गेलाय. अजून परत आला न्हाई."