मोरवेनाच्या वडिलांची भाषा

मोरवेनाचे वडील गेले, तेव्हा तिला आठवा महिना लागला होता. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. भाऊ जॅगो फोनवर म्हणाला, "मी सगळं बघतो. तू जपून राहा."

कागलच्या एका कारखान्यात इंजिनिअर असलेल्या प्रसेनजीतशी लग्न करून ती कोल्हापुरात आली होती. गल्लीत सगळे तिला 'इंग्लंडची सून' म्हणत. ती दर वेळी सांगायची, "इंग्लंडची न्हाय, कॉर्नवॉलची. आमची भाषा येगळी हाय."

इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाच्या त्या मुलखाची ही भाषा दोनेकशे वर्षांपूर्वीच लोकांच्या तोंडून गेली होती. पुढं काही जणांनी जुन्या लिखाणावरून ती पुन्हा उभी केली. तिचे वडील कथलाच्या खाणीत कामाला होते. खाण बंद पडल्यावर ते संध्याकाळच्या वर्गाला जाऊन आपल्या खापरपणज्यांची भाषा शिकले, आणि लेकीला अंगाखांद्यावर खेळवत त्यांनी तीच शिकवली. जॅगोला त्या भाषेची गोडी लागली नाही. दर रविवारी बापलेक फोनवर त्याच भाषेत बोलायचे.

बातमी ऐकून शेजारचे केरबा भेटायला आले. "इंग्लंडातनं कोण येणार हाय का?" त्यांनी विचारलं. मोरवेनाने नुसती नकारार्थी मान हलवली. आज तिने त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

अंत्यविधी तिने मोबाईलवर पाहिला. चर्चमध्ये सगळं इंग्रजीत चाललं होतं. एक तरी प्रार्थना आपल्या भाषेत व्हावी, अशी वडिलांची इच्छा होती. पण त्यांच्या वर्गातले सोबती एकेक करून गेले होते. गावात ती म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. शेवटी जॅगोने फोन माईकपाशी धरला. इकडे सोफ्यावर बसून मोरवेनाने प्रार्थना म्हटली. तिकडे माणसं माना खाली घालून ऐकत होती. कळत कुणालाच नव्हतं.

फोन बंद झाल्यावर सासू, यल्लव्वा, जवळ येऊन बसली. तिचं माहेर निपाणीकडचं, कानडी बोलणारं.

"माझी आय गेली तवा मी कानडीत रडले," ती म्हणाली. "हितं कुणाला कळलं न्हाय. तुझ्या सासऱ्यानं तांब्याभर पाणी आणून दिलं, बास."

रविवारी फोनच्या वेळेला मोरवेना गॅलरीत जाऊन बसली. यल्लव्वाही मागोमाग आली.

"बोल की. मला कळणार न्हाय, पर ऐकते."

"कशाला, आत्ती?"

"पोटात ठेवू नगं."

मोरवेना हळूहळू बोलू लागली. उन्हाबद्दल, बाळाच्या लाथांबद्दल. मग वडिलांना विचारावं तसं तिने काहीतरी विचारलं, आणि सवयीने उत्तरासाठी थांबली.

यल्लव्वाला वाटलं, आता आपण काहीतरी म्हणायला हवं.

"व्हय," ती म्हणाली.

बातमी आल्यापासून मोरवेना आवाज काढून रडली नव्हती. ती सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.