पान उघडेपर्यंत

निघोज्यात पुनमचा माल रचायच्या लाकडी पॅलेटचा कारखाना होता. नाव ‘गतिमान’, आणि त्याची वेबसाइट उघडेपर्यंत माणूस बाहेर जाऊन चहा पिऊन यायचा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

हा सगळा प्रताप तिच्या नवऱ्याचा. आलेल्याला आधी बसा म्हणायचं, मग भाव सांगायचा, हे आदिनाथचं शास्त्र. म्हणून त्याने हौसेने स्वतःचाच व्हिडिओ पहिल्या पानावर घातला होता. हात जोडून तो म्हणायचा, “या, बसा. चहा सांगतो.” व्हिडिओ इतका जड की आधी नुसता पांढरा पडदा दिसायचा आणि त्यावर चक्र फिरत राहायचं. दिवाळीनंतर आदिनाथ हायवेवर अपघातात गेला. चक्र मात्र फिरतच राहिलं.

रोज सकाळी त्याची आई सगुणाबाई ऑफिसात संगणकापुढे येऊन बसायची. पुनम पान उघडायची.

“आला का गं?”

“येतोय, आई.”

हा नुसता व्हिडिओ आहे, हे पुनमला कळत होतं. तरी त्या पांढऱ्या पडद्यापुढे तिच्या अंगावर काटा यायचा. तो बाहेर चपला काढतोय आणि आता आत येईल, असंच वाटायचं. तो दिसला की तिला आनंद व्हायचा, आणि मग दिवसभर कशात जीव लागायचा नाही.

एके दिवशी गणराजचा फोन आला. तो एका मोठ्या कंपनीत खरेदी बघायचा.

“वहिनी, वर्षाची ऑर्डर होती. साहेबांनी तुमची साइट उघडली, तर उघडेचना. त्यांना वाटलं, आदिनाथराव गेले आणि कारखानाही बसला. दुसरीकडे बोलणी चाललीत. काहीतरी करा राव लवकर.”

ही ऑर्डर गेली की कारखान्याला कुलूप, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पुनमने थेरगावहून तनुजाला बोलावलं. वेबसाइट बनवणं हाच तिचा धंदा.

“ताई, मोबाइलवर कोणी एवढं थांबत नाही,” तनुजा म्हणाली. “व्हिडिओ काढावा लागेल.”

“लहान नाही होणार?”

“होईल. पण इथल्या नेटवर्कला चालेल एवढा केला, तर चेहरा ओळखू येणार नाही.”

“मग काढच,” पुनम म्हणाली. व्हिडिओ तिने आपल्या फोनात घेतला.

ऑर्डर मिळाली. गणराजने फोनवर दोनदा अभिनंदन केलं, पण पुनमला धड हसूही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सगुणाबाई खुर्चीत बसली, तेव्हा पुनमने आधी फोन पुढे केला. त्यात आदिनाथ लगेच बोलायला लागला.

म्हातारीने फोन बाजूला सारला. “ह्यो न्हाई. माजा आदिनाथ कदी लगेच आलाय व्हय? पान उघड.”

पुनमने भीतभीत पान उघडलं. पापणी लवायच्या आत समोर पॅलेट, भाव, फोन नंबर. पांढरा पडदा नाही, चक्र नाही.

सगुणाबाई पुढे वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “पुनम, दार येवढ्या पटकन उघडलं. म्हंजी आत कुनीतरी कडीला हात लावूनच हुबं हाय गं.”

पुनमने पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं. बटणावरून बोट उचलायच्या आत ते उघडलं. ती तोंडावर पदर घेऊन रडू लागली. इतके दिवस आपणच त्याची वाट बघतोय, असं ती समजत होती.