धाकटी डिस्क दाराबाहेर

मी धाकटी बोलतेय. भिंगारच्या एका घरातल्या कॉम्प्युटरच्या डब्यात राहणारी दुसरी हार्ड डिस्क. थोरली माझ्याआधीची. तिच्यात लिनक्स, म्हणजे अख्खा कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, राहतं, त्यामुळे तिचा तोरा काही विचारू नका.

अठ्ठ्याण्णव साली अमृतने मला पुण्याहून एसटीत मांडीवर घेऊन आणलं. त्याची बायको स्नेहल दुसऱ्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगची कामं करायची. मध्ये वायर टाकून अमृतने तिचं सगळं काम माझ्यात ठेवायची सोय केली. पण डबा बंद करून चालू केला की थोरली आपोआप उठायची आणि मी मात्र अमृत कमांड देऊन जोडेपर्यंत दाराबाहेरच. 'काम' नावाचा कप्पा थोरलीतलाच; मला जोडलं की त्यात माझ्यातलं दिसायचं, तोवर थोरलीचीच रिकामी जागा.

"कायमची जोडून टाका ना, एका ओळीचं तर काम," स्नेहल म्हणायची.

"कशाला? मी आहे की." आपल्यावाचून अडतं, हे त्याला भारी गोड वाटायचं.

खंडेनवमीला अमृत जामखेडला बहिणीकडे गेला. इकडे त्याच्या आईने, छबूबाईंनी, विळी, खुरपं, शिलाई मशीन पुजलं. "आज हत्याराला इसावा," म्हणत डब्याचंही बटण बंद केलं आणि वर झेंडूची माळ चढवली. मला कोण कौतुक वाटलं!

दसऱ्याला सकाळी स्नेहलने डबा चालू केला, तर 'काम' मोकळं! कमांड एकट्या अमृतला ठाऊक, शिवाय मध्येच बटण बंद झाल्याने सगळं पुसलं असेल ही तिची भीती. शाळेची स्मरणिका, तिचं पहिलं मोठं काम, दुसऱ्या दिवशी छापखान्यात द्यायची होती.

"आत्याबाई, तुमच्या पूजेनं सगळं गेलं!"

"मी काय क्येलं गं? फुलंच तर वाह्यली!"

मी तिथंच, दाराबाहेर बसून हसत होते. स्नेहल मात्र रडली. मग डोळे पुसून लेखांचे कागद घेऊन पुन्हा टाइप करायला बसली. या वेळी तिने मुख्याध्यापकांचं मनोगत निम्मं कापलं. खरं सांगते, ही स्मरणिका पहिलीपेक्षा देखणी झाली.

संध्याकाळी अमृत आला. "एवढंच ना?" म्हणत त्याने मला जोडलं. जुनं सगळं हजर! पण स्नेहलचं दिवसभराचं काम गायब. अमृतचा चेहरा उतरला.

"सकाळी हिचं दिसत नव्हतं, आता माझं दिसत नाही," स्नेहल माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "ही माझ्या कामावर बसलीय. हिला काढा बरं."

काढलं. नवी स्मरणिका तिथंच होती, थोरलीच्या कप्प्यात. ती आधी सुखरूप बाजूला ठेवली.

"आता उठा. ती ओळ तुम्ही सांगा, मी लिहिते."

तिने लिहिली. डबा बंद करून चालू केला, तर मी आपली आपण हजर!

"म्हंजी आता अमृत नसला तरी चालंल म्हन की," छबूबाई म्हणाल्या.

तेव्हापासून वीज कितीही वेळा जाऊ दे, मी उठते ती जोडलेलीच. एकच विनंती आहे, त्या अमृतला कुणीतरी दुसरं काम द्या हो. बिचारा अजूनही गुपचूप डबा बंद करून चालू करतो आणि मी विसरते का, ते बघत बसतो.