आत कप्तान झोपलाय

मी एक डीव्हीडी बोलतेय. माझ्यावर छापलेलं नाव उन्हाने कधीच उडालं, नायकाचा अर्धा चेहराही गेला. पण पोटातला चित्रपट अजून जसाच्या तसा आहे. म्हणजे, जवळजवळ.

कारखान्यात माझ्यासारख्या हजारो बहिणी निघाल्या. सगळ्यांच्या पोटात एकच गोष्ट: बोटीचा कप्तान वादळात सापडतो आणि त्याची बायको किनाऱ्यावर वाट बघते. मला घरी आणलं ते एका शिंप्याने. घरात त्याची थोरली बहीण होती आणि लहान मुलगी. मुलगी त्याला बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणते. बहीण म्हणजे मुलीची आत्या.

पहिल्याच आठवड्यात मला एक बारीक ओरखडा पडला. बाबांना कोणीतरी सांगितलं, दात घासायची पेस्ट चोळली की ओरखडा जातो. त्यांनी मला ब्रशने असं घासलं, की रोगापेक्षा औषध जालीम ठरलं. तेव्हापासून बोट वादळात शिरली की मी अडकते. पुढे ढकललं की एकदम शेवटचा भाग लागतो. तिथे कप्तानाची बायको मुलांना हसत हसत जेवायला वाढत असते आणि कप्तानाचा पत्ताच नसतो.

मी पहिल्यांदा अडकले तेव्हा मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "आत्या, तो परत येईल ना?"

आत्याने चित्रपट थिएटरात पाहिला होता. ती बाह्या सरसावून टीव्हीसमोर उभी राहिली आणि गाळलेला भाग स्वतःच करून दाखवला. ती वादळ झाली, बोट झाली. शेवटी कप्तान ओलाचिंब घरी आला, जेवणात मीठ कमी म्हणून कुरकुरला आणि आतल्या खोलीत जाऊन झोपला. म्हणून तो पुढे दिसत नाही.

मुलीला हे पटलं. मग दर वेळी तिथे आत्या उठायची आणि त्यापुढचा चित्रपट सगळेजण आवाज कमी करून बघायचे. कप्तान दमून आलेला असायचा ना! एखादा पाहुणा मोठ्याने हसला तर बाबा त्याला हातानेच गप्प करायचे. माझ्या पोटात कप्तान बुडतो, हे मला ठाऊक होतं. पण मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी तिथे अडकतेच.

मुलगी मोठी होऊन दातांची डॉक्टर झाली. हा त्या पेस्टचा परिणाम, असं माझं मत आहे. तिने घरात चित्रपटांचं ॲप आणलं. प्लेयर भंगारात गेला. मला मधोमध भोक होतंच, त्यात दोरी ओवून कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगलं. कबुतरं माझ्यात बघून पिसं सारखी करायची.

एका संध्याकाळी गॅलरीच्या दारातून मी पाहिलं, ॲपवर आमचाच चित्रपट लागला होता. कुठेही न अडकता. बोट बुडाली, कप्तान मेला.

बाबा भडकले. कंपनीने शेवट बदललाय, तक्रार कर, म्हणाले. मुलगी म्हणाली, "बाबा, खरा शेवट हाच आहे. आत्याचा शेवट कधी नव्हताच."

आत्या उठून आत गेली. त्यानंतर तिने काही सांगणंच सोडलं. भाजीवाल्याशी काय वाजलं, हेसुद्धा सांगेना. "जा, स्वतः बघून या," म्हणायची. बोलकी बाई गप्प झाली की घर खायला उठतं. मलाही गॅलरीत करमेना.

मुलीला चुटपुट लागून राहिली. पुन्हा एकत्र बसू म्हणून तिने ॲप उघडलं, तर चित्रपट गायब! कंपनीत फोन केला. तिथला माणूस फार अदबीने म्हणाला, चित्रपट तुमचा नव्हताच मॅडम, बघायची मुभा होती, ती संपली. बाबांनी फोन हिसकावून विचारलं, मग कप्तानाचं काय? त्याने तक्रार नोंदवून घेतली.

तेव्हा बाबांना मी आठवले. त्यांनी दोरी कापून मला धुतलं, या वेळी साध्या पाण्याने. प्लेयर नव्हता. पण मी कशात तरी घातलेली हवी, म्हणून त्यांनी मला शर्टाच्या खिशात घातलं आणि टीव्हीसमोर ताठ बसले. "ताई, कर सुरू," म्हणाले.

आत्याने पुढे येऊन त्यांच्या शर्टाचं वरचं बटण दाबलं.

तिने अख्खा चित्रपट करायला घेतला. बंदर केलं, नायिका केली. गाण्यात दम लागला तिथे बाबांनी नाकाने बासरी वाजवली. बोट वादळात शिरली आणि आत्या थांबली. एक हात वरच राहिला.

"इथून पुढचं खोटं आहे," ती म्हणाली. "ते मी करणार नाही."

खिशात मला बाबांचं काळीज धडधडताना ऐकू येत होतं.

मग मुलगी उठली. खरं काय ते तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं. तिने बाह्या सरसावल्या. वादळ झाली, बोट झाली आणि दारातून थरथरत आत आली. "मीठ कमी आहे," ती कुरकुरली आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं.

आत्याने डोळे पुसले. पुढचा चित्रपट तिने कुजबुजत केला.

हल्ली मी त्याच खिशात राहते. शर्ट धुवायला टाकण्याआधी मला काढा, एवढंच माझं मागणं आहे. आणि हे वाचून हसू आलं तर जरा हळू हसा. आत कप्तान झोपलाय.